बायबलला 'बायबल' हे नाव कुठून आलं? (ग्रुपवरचे फॉरवर्ड सोडून कुणी सांगेल का)

मंगळवारपेठकरीण

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या मैत्रिणीचं लग्न होतं, इथंच कोल्हापुरात, चर्चमध्ये. मी पहिल्यांदाच आत बसून सगळं नीट बघितलं. पाळकांनी जे पुस्तक उघडून वाचलं त्याच्यावर सोनेरी अक्षरात 'पवित्र शास्त्र' असं लिहिलेलं आणि अख्ख्या विधीत 'बायबल' हा शब्द माझ्या कानावर एकदाही आला नाही. जेवताना मैत्रिणीच्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, अगं तेच ते, इंग्रजीत बायबल म्हणतात. बरं, पण इंग्रजीत तरी बायबलच का? मावशी म्हणाल्या आधी भात घे.

घरी येऊन आमच्या ग्रुपवर टाकलं तर दोन उत्तरं आली. एक म्हणजे प्रत्येक अक्षराचा फुलफॉर्म आहे, 'बेसिक इन्स्ट्रक्शन्स बिफोर लिव्हिंग अर्थ'. दुसरं जरा मसालेदार, की बिब्लोस नावाचं गाव होतं, तिथं बिब्लिस नावाच्या देवीची पूजा चालायची आणि तिचंच नाव गुपचूप पुस्तकाला दिलं, आणि खाली 'हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, पुढं पाठवा'. दोन्ही एकाच वेळी खरं असणं शक्य नाही एवढं मलाही कळतंय.

तर नक्की काय? नाव कोणी ठेवलं, केव्हा ठेवलं, आणि खुद्द बायबलच्या आत 'बायबल' हा शब्द आहे का? ज्यांना धर्मावरून भांडायचंय त्यांनी कृपया दुसरा धागा काढा, मला फक्त नावाचं पाहिजे.

---

खासबागचा_पैलवान

फुलफॉर्मवालं पहिलं सोडून दे ताई. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ ईस्ट वेस्ट साउथ म्हणणारी हीच जमात. इंग्रजी भाषा पाळण्यात पण नव्हती तेव्हापासून हा शब्द ग्रीक लोकांच्या तोंडात फिरालाय, त्याचा इंग्रजी फुलफॉर्म कुठनं येणार? चर्चच्या पोरापोरींना लक्षात राहावं म्हणून कुणीतरी जुळवलंय, तेवढ्यापुरतं बरं आहे, पण नाव त्याच्यावरून पडलंय म्हणणं म्हणजे लई झालं.

देवीवाल्याचं मला ठाऊक नाही. जाणकार येतील, चहा घेऊन बसतोय.

---

जुनी_पानं

प्रश्न चांगला आहे, जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

ग्रीक भाषेत 'बिब्लिओन' म्हणजे पुस्तक, आणि त्याचं अनेकवचन 'बिब्लिया'. 'ता बिब्लिया' म्हणजे 'ती पुस्तकं', बास, एवढाच अर्थ आहे. यात पवित्र वगैरे काही नाही, दुकानाच्या हिशेबाच्या वहीलासुद्धा कुणी बिब्लिओन म्हटलं असतं. बिब्लिओनच्या मागचा शब्द 'बिब्लोस' किंवा आणखी जुन्या रूपात 'ब्यूब्लोस', म्हणजे पपायरस, नाईलच्या काठावर दलदलीत उगवणारी ती लव्हाळ्यासारखी उंच वनस्पती. तिच्या दांड्याचा आतला गर पातळ पट्ट्यांमध्ये कापायचा, एक थर उभा, त्याच्यावर दुसरा आडवा, दाबून वाळवायचा की झाला कागद. असे ताव एकमेकांना चिकटवून लांबलचक पट्टा करायचा आणि गुंडाळी करून ठेवायची. तेव्हाचं पुस्तक म्हणजे ही गुंडाळी. लिहायच्या सामानावरून पुस्तकाला नाव पडलं आणि ते पुढं चिकटून राहिलं.

आता कोणी ठेवलं, तर ठेवलं असं कोणी नाहीच. सगळ्यात आधी हे ग्रीक बोलणाऱ्या ज्यू लोकांकडे दिसतं, ख्रिस्ती धर्म जन्मायच्याही आधी. दानिएलाच्या पुस्तकाचं जुनं ग्रीक भाषांतर आहे, त्याच्या नवव्या अध्यायात दानिएल म्हणतो मी 'पुस्तकांमधून' यिर्मया या संदेष्ट्याचं भविष्य समजून घेतलं, तिथं बिब्लिओनच्या मागचा तोच 'बिब्लोस' शब्द अनेकवचनात आहे. मक्काबी नावाच्या पहिल्या पुस्तकात (हे कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स लोकांच्या बायबलात आहे, प्रोटेस्टंटांच्या नाही) १२व्या अध्यायात तर सरळ 'ता बिब्लिया ता हागिया' आहे, पवित्र पुस्तकं. म्हणजे ख्रिस्ती लोकांनी हा शब्द शोधला नाही, आधीपासून घरात होता तो वापरला. दुसऱ्या शतकातलं एक जुनं ख्रिस्ती प्रवचन आहे, त्यात 'पुस्तकं आणि प्रेषित' असं येतं, तिथं पुस्तकं म्हणजे अजून ज्यूंचे ग्रंथच, नव्या करारातलं लिखाण (बायबलचा येशूपासून पुढचा ख्रिस्ती भाग; ज्यूंच्या ग्रंथांचा आधीचा भाग तो जुना करार) वेगळं मोजलंय. चौथ्या शतकाच्या शेवटी शेवटी योहान क्रिसोस्तोम म्हणून अँटिओकचा नावाजलेला प्रवचनकार होता, पुढं कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला, दोन्ही करारांना मिळून 'ता बिब्लिया' म्हणणारा पहिला म्हणून साधारण त्याचं नाव घेतात.

मग लॅटिनमध्ये गंमत झाली. ग्रीकातलं 'बिब्लिया' हे नपुंसकलिंगी अनेकवचन, शेवटी 'आ'. लॅटिनमध्ये शेवटी 'आ' असला की स्त्रीलिंगी एकवचन वाटतं. मध्ययुगातल्या पश्चिम युरोपात ग्रीक येणारे होते कितीसे, त्यांनी ऐकलं 'बिब्लिया' आणि वाटलं ही एक बाई आहे, म्हणजे एक पुस्तक. 'ती पुस्तकं'ची 'ती पुस्तक' झाली आणि कुणाला पत्ता लागला नाही. तिथून फ्रेंचमध्ये 'बिब्ल', फ्रेंचमधून इंग्रजीत, आणि इंग्रजांनी उच्चार 'बाय' केला म्हणून आपल्याकडे बायबल. जर्मन अजून 'बिबेल' म्हणतात, पोर्तुगीज 'बिब्लिया'.

आत शब्द आहे का, तर एका अर्थी नव्या कराराचा पहिलाच शब्द तो आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाचं (म्हणजे मत्तयाच्या नावानं असलेल्या येशूच्या चरित्राचं) मूळ ग्रीक सुरूच होतं 'बिब्लोस'ने, 'येशू ख्रिस्ताच्या वंशावळीचं पुस्तक' असं. पण तिथं फक्त ती यादी. योहानाच्या प्रकटीकरणाच्या शेवटी 'या पुस्तकातल्या शब्दांत कुणी भर घातली तर' अशी ताकीद आहे ना, तिथंही बिब्लिओन, आणि तेही त्या एका पुस्तकापुरतंच, सगळ्या बायबलला उद्देशून नाही, कारण तेव्हा 'सगळं बायबल' नावाची वस्तू कुठं होती? आणि सगळ्यात भारी म्हणजे मोशेच्या नियमातलं सूटपत्र, नवऱ्याने बायकोला सोडताना लिहून द्यायचा कागद, त्यालाही नव्या करारात बिब्लिओनच म्हटलंय. येशू स्वतः किंवा पौल (नव्या करारात ज्याची पत्रं आहेत तो प्रेषित) धर्मग्रंथांबद्दल बोलतात तेव्हा बहुतेक करून 'ग्राफाइ', म्हणजे 'लिहिलेलं', किंवा 'नियमशास्त्र आणि संदेष्टे' असं म्हणतात.

---

खरं_ते_सांगतो

एवढं सगळं लिहिलं आणि मुख्य मुद्दा शिताफीने गाळला. बिब्लोस हे गाव आहे की नाही? लेबनॉनमध्ये आजपण आहे. तिथं देवीचं देऊळ होतं की नाही? होतं. मग पुस्तकाचं नाव देवीच्या गावावरून पडलं हे कबूल करायला काय हरकत आहे? फॉरवर्ड आला म्हणून खोटाच असतो असं नाही.

---

जुनी_पानं

गाळलं नाही भाऊ, पोस्ट लांबत चाललेली. गाव आहे, बैरूतच्या उत्तरेला ४० किलोमीटरच्या आसपास, समुद्रकाठी, आजचं नाव जुबैल, १९८४ पासून युनेस्कोच्या यादीत. देऊळही होतं, आणि देवीचं नाव होतं 'बालत गेबाल', म्हणजे गेबालची मालकीण. बिब्लिस नव्हे. बिब्लिस ही ग्रीक कथेतली एक मुलगी, भावाच्या प्रेमात पडली आणि रडून रडून झरा झाली, आणि तिची गोष्ट आशिया मायनरमधल्या मिलेतस भागातली, लेबनॉनशी तिचा संबंध नंतर लोकांनी नुसत्या नावाच्या सारखेपणावरून लावला. फॉरवर्डवाल्याने दोन वेगळ्या बायका एकत्र केल्यात.

आणि त्या गावाचे लोक स्वतःच्या गावाला बिब्लोस म्हणतच नव्हते. फिनिशियन लोकांचं ते गबल किंवा गुबला, हिब्रूत गेबाल. बायबलातच येतं, यहेज्केलाच्या २७व्या अध्यायात गेबालचे जाणते कारागीर जहाजाच्या फटी बुजवतात असं आहे. बिब्लोस हे ग्रीकांनी दिलेलं नाव.

---

चप्पललाइन

मी सांगतो सोप्यात, कारण आमचा धंदाच तो.

तुम्ही पुण्याला जाऊन म्हणता 'कोल्हापुरी घातलीय'. कोल्हापुरी म्हणजे काय, गाव घातलंय पायात? चप्पल. आणि ती चप्पल कोल्हापुरातच शिवली असेल असंही नाही, अथणीची असेल, निपाणीकडची असेल. २०१९ मध्ये जीआय टॅग मिळाला तो पण महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. पण माल विकला गेला कोल्हापूरच्या नावावर, म्हणून नाव कोल्हापुरी. आता उद्या कुणी म्हणालं की कोल्हापुरात अंबाबाईचं देऊळ आहे म्हणजे चपलेचं नाव देवीवरून पडलं, तर आपण काय म्हणू त्याला? तसंच हे. पपायरस पिकायचा इजिप्तमध्ये, ग्रीकांच्या हातात पडायचा त्या बंदरातून, म्हणून माल त्या गावाच्या नावाने ओळखला गेला. देवीचा काय संबंध.

खरं_ते_सांगतो भावा, रागवू नको, पण गावाचं नाव आणि गावातल्या देवळाचं नाव यात एक रस्ता पार करावा लागतो.

---

जुनी_पानं

चप्पललाइन, हे झकास. फक्त एक पुस्ती जोडतो. गावावरून मालाला नाव पडलं की मालावरून ग्रीकांनी गावाला नाव दिलं, यावर भाषावाल्यांचं एकमत नाही. काहीजण म्हणतात ग्रीकांना 'गुबला' नीट म्हणता येईना त्याचं 'ब्यूब्लोस' झालं आणि मग माल. काहीजण म्हणतात उलटं. तिसरे म्हणतात दोन्ही वेगळे शब्द आहेत आणि दिसायला सारखे म्हणून गोंधळ. इजिप्त आणि त्या बंदराचा व्यापार मात्र पक्का. इजिप्तला मोठं लाकूड नाही, लेबनॉनकडे देवदार, त्यामुळे हजारो वर्षं जहाजं जात-येत. वेनामुन नावाच्या इजिप्शियन अधिकाऱ्याची एक जुनी कथा सापडलीय, तो देवाच्या नावेसाठी लाकूड आणायला तिथं जातो आणि तिथला राजा म्हणतो आधी पैसे दाखव, फुकट नाही, त्याच्या बापजाद्यांच्या जमाखर्चाच्या वह्या काढून दाखवतो की बघ, तुमच्या आधीच्या राजांनी काय काय मोजलं होतं! मग इजिप्तहून सोनं, चांदी, कातडी, दोरखंड, मसूर, मासळीच्या टोपल्या असं सगळं येतं. त्या यादीतल्या एका ओळीत काही अभ्यासक पपायरसच्या ५०० गुंडाळ्या वाचतात, काही तिथं तागाच्या चटया वाचतात. मला गुंडाळ्या आवडतील पण माझ्या आवडीला कोण विचारतो.

आणखी एक, याच गावात १९२३ मध्ये राजा अहिरामची दगडी शवपेटी सापडली, तिच्यावरचा लेख हा फिनिशियन मुळाक्षरांच्या सगळ्यात जुन्या सलग लेखांपैकी एक. ग्रीकांनी लिपी त्या लोकांकडून घेतली हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.

---

खरं_ते_सांगतो

बरं चप्पलचं पटलं. पण मग अनेकवचन का? हिंदूंचे वेद चार आहेत तरी आपण 'वेद' म्हणतो. एका पुस्तकाला 'पुस्तकं' म्हणायचं कारण काय? इथं काहीतरी पाणी मुरतंय.

---

सुतबांधणी

कुठं काय मुरत नाही, मी सांगतो. माझं बाइंडिंगचं काम आहे, उद्यमनगरकडं, तीस-पस्तीस वर्षं हातात सुई-दोरा आहे, आता मुलगा मशीन बघतो.

वर जुनी_पानं सरांनी गुंडाळी म्हटलंय ना, तिथं थांबा जरा. गुंडाळीत मावतं किती? मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत १९४७ मध्ये यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी मिळाली ती कातड्याची, १७ तुकडे शिवून जोडलेले, लांबी ७ मीटरच्या वर. एकटा यशया सात मीटर! आणि असं एकूण बायबल करायचं म्हटलं तर गुंडाळी उचलायला दोन माणसं लागतील आणि शेवटचा अध्याय शोधायला अख्खी उलगडायची. म्हणून एका गुंडाळीत एक पुस्तक, फार तर काही छोटी. लूकच्या शुभवर्तमानात येशू नासरेथच्या सभास्थानात वाचायला उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात एकट्या यशयाचं पुस्तक देतात, मूळ ग्रीकात बिब्लिओन आहे म्हणे. सगळं बायबल नाही देत, कारण देणार कुठून. ते कपाटात होतं, वेगवेगळ्या गुंडाळ्यांत. मग त्या ढिगाऱ्याला 'पुस्तकं' नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? ती खरोखरच पुस्तकं होती. आजही प्रोटेस्टंटांच्यात ६६ आणि कॅथलिकांच्यात ७३ पुस्तकं मोजतात, एका पुठ्ठ्यात असली तरी.

मग आली आमची जात, म्हणजे पानं दुमडून मध्ये शिवायची पद्धत. ख्रिस्ती लोकांनी ती लई लवकर उचलली, बाकीचे ग्रीक-रोमन वाचक अजून गुंडाळीलाच मानायचे तेव्हापासून. सुरुवातीला त्यांना फर्म्याचा हिशेब जमत नव्हता. आमच्यात काय करतात, मोठा ताव छापून दुमडला की सोळा पानांचा एक फर्मा, असे फर्मे एकावर एक रचायचे, प्रत्येकाच्या पाठीतून सुई काढायची, मग खळ, मग पुठ्ठा. एका फर्म्यात जास्त ताव कोंबायचे नाहीत हे पहिल्या आठवड्यात शिकवतात, कारण दुमडलं की मधली पानं पुढच्या कडेनं बाहेर येतात आणि कटिंगला आत जास्त जातं. आता ऐका. पौलाच्या पत्रांचं एक जुनं पपायरसचं पुस्तक आहे, साधारण इसवी सन २०० च्या सुमाराचं, त्याला पी-४६ म्हणतात. ते बांधणाऱ्यानं ५२ ताव एकावर एक ठेवून मधोमध एकच दुमड मारली. ५२! १०४ पानांचा एकच फर्मा. साहजिकच मधली पानं बाहेरच्यापेक्षा अरुंद करावी लागली. आणि एकच फर्मा म्हटल्यावर पानं आधीच मोजून घ्यावी लागतात, मागून वाढवता येत नाहीत. लिहिणारा निम्म्यात आला आणि त्याच्या ध्यानात आलं असणार की मजकूर जास्त आणि पानं कमी, कारण पुढच्या निम्म्यात तो एकेका पानावर ओळी वाढवत गेलाय. हे वाचलं तेव्हा मला त्या माणसाची अशी दया आली म्हणून सांगू. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असणार.

पुढं चौथ्या शतकात चामड्याची मोठी पुस्तकं निघाली, सिनायच्या मठातलं ते प्रसिद्ध पुस्तक बघा, एका पानावर चार चार रकाने, आज उरलेली पानंच चारशेच्या वर आहेत. तेव्हा कुठं सगळं एका बांधणीत बसायला लागलं. पण ते परवडणार कुणाला, एवढी जनावरांची कातडी लागायची. जेरोम, ज्यानं लॅटिन भाषांतर केलं, तो सगळ्या संग्रहाला 'बिब्लिओथेका' म्हणायचा, म्हणजे ग्रंथालयच. इंग्रज लोकपण आधी तोच शब्द वापरायचे.

त्यामुळे सरांनी व्याकरणाचं सांगितलं ते खरं असेलच, पण माझं म्हणणं बांधणीचं. लोकांच्या हातात एक वस्तू आली म्हणून एकवचन पचलं. ढीगच राहिला असता तर कुणी 'ती' म्हटलं नसतं.

जाता जाता, आमच्या लायनीत 'बायबल' म्हणजे कागद. बायबल पेपर. नेहमीचं पुस्तक ७० जीएसएमवर (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), बायबल पेपर ४० किंवा त्याच्याही खाली, हातात घेतला तर वाऱ्यानं उडतो पण पलीकडची छपाई फार दिसत नाही. डिक्शनऱ्यांना वापरतात. कागदावरून पुस्तकाला नाव पडलं आणि पुस्तकावरून परत कागदाला.

---

खासबागचा_पैलवान

काका नादखुळा. चहा गार झाला.

---

मिशनबंगल्यामागं

मी त्या लग्नातली मावशी नाही, पण असू शकले असते 🙂 कोल्हापूरच्याच आम्ही, चौथी पिढी.

लग्नात 'बायबल' ऐकू आलं नाही यात नवल काही नाही. आमच्या मंडळीत उपासनेत 'शास्त्रपाठ' म्हणतात, पाळक म्हणतात 'पवित्र शास्त्रातून वाचू या', आणि घरी आजी 'वचन वाचलंस का' एवढंच विचारायची. बायबल हा शब्द आम्ही वापरतो तो बाहेर, तुमच्याशी बोलताना, किंवा मुलं संडे स्कूलमधून आणतात. कॅथलिक लोकांचं थोडं वेगळं, वसईकडचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांच्या भाषांतराचं नावच 'सुबोध बायबल'. दोन्ही चालतं.

इथं कोल्हापुरात मिशन आलं ते १८५२ मध्ये, रॉयल वाइल्डर म्हणून अमेरिकन होते, त्यांच्या नावाचं चर्च आहेच गावात. पण मराठी भाषांतर त्याच्या कितीतरी आधीचं आणि तेही महाराष्ट्रात नाही झालं, बंगालात झालं. विल्यम केरी श्रीरामपूरला (आपल्या नगरच्या नाही, कलकत्त्याजवळच्या) बसून वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मराठी शिकले, १८०५ मध्ये मत्तय आणि १८११ मध्ये नवा करार, तोही मोडीत छापला. आणि मग पंडिता रमाबाई. संस्कृत तर त्यांच्या घरातच होतं, त्याच्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावला अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, छापखान्यात खिळे जुळवायला मुक्ती मिशनमधल्या बायकाच. त्या १९२२ मध्ये गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये आलं. सुतबांधणी काकांना हे आवडेल.

आणि सरांनी लिहिलंय ग्रीकात नपुंसकलिंगी, लॅटिनमध्ये बाई. आपण मराठीत 'ते बायबल' म्हणतो, म्हणजे परत नपुंसक. लॅटिनवाल्यांना जमलं नाही ते आपल्याला न शिकता जमलं.

पौलाचं एक सांगायचं राहिलं. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला दुसऱ्या पत्रात तुरुंगातून लिहितो, हिवाळ्याच्या आधी ये, त्रोवस गावाला माझा झगा राहिलाय तो आण, आणि पुस्तकं आण, विशेषकरून चर्मपत्रं. तिथं 'पुस्तकं' म्हणजे 'बिब्लिया', अगदी तोच शब्द. आमच्या पाळकांनी एकदा उपदेशात सांगितलेलं. कुठली पुस्तकं होती ती कोण जाणे, पण म्हातारा माणूस थंडीत कुडकुडतोय आणि झग्याबरोबर पुस्तकांची आठवण काढतोय हे मला फार जवळचं वाटतं, आमचे वडील दवाखान्यात असताना चष्मा आणि पेपर मागायचे तसं.

---

मंगळवारपेठकरीण

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, ग्रुपवर चप्पलचं उदाहरण टाकलं आणि एकदम शांतता झाली आहे.

एकच शेवटचं. सगळे 'जुना करार, नवा करार' लिहिताय, इंग्रजीत 'टेस्टामेंट', आणि टेस्टामेंट म्हणजे तर मृत्युपत्र ना? वकिलाकडं तेच म्हणतात. मग करार कुठून आला?

---

जुनी_पानं

मूळ हिब्रू 'बरीथ', म्हणजे देवाने लोकांशी केलेला करार, दोन्ही बाजूंनी बांधून घेणारा. यिर्मयाच्या ३१व्या अध्यायात 'मी नवा करार करीन' असं आहे, 'नवा करार' हे नाव तिथून सुरू होतं. ज्यूंनी ग्रीक भाषांतर करताना त्याला 'दियाथेके' हा शब्द घेतला. ग्रीक व्यवहारात दियाथेके म्हणजे बहुतेक वेळा मृत्युपत्रच, पण त्यांनी तो करार म्हणून चालवला. लॅटिनवाल्यांनी त्यातला मृत्युपत्राचा अर्थ उचलला, 'टेस्टामेंटुम', आणि इंग्रजी तिथूनच आलं. नव्या करारातल्या 'इब्री लोकांस पत्र' याच्या नवव्या अध्यायात तर लेखक स्वतः दोन्ही अर्थांवर खेळलाय, लिहिणारा मेल्याशिवाय मृत्युपत्र लागू होत नाही असं म्हणत.

मराठी भाषांतरकारांनी इंग्रजीमागं न जाता थेट करार घेतला. शब्द अरबी, फारसीतून आपल्या दप्तरात आलेला, कुळकर्ण्याच्या कागदात शोभणारा. बरीथला इंग्रजीतल्या मृत्युपत्रापेक्षा तो जवळचा आहे.

---

सुतबांधणी

मिशनबंगल्यामागं ताई, रमाबाईंच्या त्या १९२४ च्या आवृत्तीची जुनी प्रत कुणाकडं घरात असेल आणि शिवण सुटली असेल तर सांगा. मशीनवर नाही, हातानं शिवून देतो. टेप लावू नका फक्त, लोक टेप लावतात आणि मग पान जातं.